आईचा नारळ आणि ॲबर्डीनचा समुद्र

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन नावाच्या बंदरात मी एक वर्ष राहिलो. लोक मला तिथल्या थंडीबद्दल विचारतात, किल्ल्यांबद्दल विचारतात, आणि मी सांगतोही. पण खरे सांगायचे तर माझे तिथले सुरुवातीचे दिवस एका नारळाच्या पाठी गेले.

साठच्या दशकातली ही गोष्ट. मी सरकारी मत्स्य खात्यात नोकरीला होतो आणि मासे टिकवण्याचे शास्त्र शिकायला खात्याने मला तिकडे पाठवले. आमचे मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. तारकर्लीच्या आमच्या वाडीतून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी काय काय केले ते लिहायला बसलो तर वेगळे पुस्तक होईल, आणि ते माझ्याच्याने कोरड्या डोळ्यांनी लिहून होणार नाही. तेव्हा हा नारळच बरा.

निघण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी विहिरीकडच्या माडाचा एक नारळ सोलून, शेंडी राखून, आईच्या हातात दिला. आईने तो माझ्या ट्रंकेत लोकरी बंडीच्या घडीत ठेवला.

"ह्यो थयच्या दर्याक सोड," ती म्हणाली. "नीट गाऱ्हाणा घाल."

"आये, हयसून थयसर दर्यो एकच गो."

"हयलो दर्यो तुका वळाखता. थयलो वळाखता? मगे वळख करून देवक नको?"

मी ट्रंकेचे झाकण लावू लागलो. तेवढ्यात तिने पुढचे सांगून टाकले. "आणि नारळ पोचलो म्हणान तुझा पत्र येयसर मी मासळेक हात लावचंय नाय."

वडील झोपाळ्यावरून ताडकन उठले. "मगे माका कोण रांधतला?"

"तुमका रांधतलंय. मी खावचंय नाय."

ज्यांचा जन्म किनाऱ्यावर झाला नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्याकडे सोमवार, संकष्टी आणि श्रावण एवढे पाळतानाच माणूस सुकून जातो. आई तर अशी की ताटात कालवणाचा वास नसेल तर तिला जेवल्यासारखेच वाटत नसे. तिने आयुष्यात देवाकडे फारसे काही मागितले नव्हते. मागितले ते माझ्यासाठी, आणि त्याच्या बदल्यात ठेवले ते तिच्याकडचे सगळ्यात मोठे.

लंडनच्या धक्क्यावर जकातीच्या साहेबाने ट्रंक उघडायला लावली. नारळ हातात घेऊन त्याने कानाशी हलवला, आत पाणी वाजले तसा हसला आणि पुन्हा बंडीत गुंडाळून ठेवला. तिथून रात्रभर आगगाडी. सकाळी उतरलो तेव्हा नुकताच पाऊस पडून गेला होता आणि समोरचे सगळे शहर चकाकत होते. ॲबर्डीनची घरे, देवळे, बँका, शाळा, सगळे एका करड्या दगडाचे. त्या दगडात अभ्रकाचे कण असतात. ओले होऊन वर ऊन पडले की भिंती चमकू लागतात. एरवी मात्र तेच शहर चुलीतल्या राखेसारखे दिसते. शहराच्या जुन्या भागात आठ-नऊ पिढ्यांपूर्वीचे विद्यापीठ आहे, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक जुने निघाले. त्याच्या फरसबंदीवरून पहिल्यांदा चाललो तेव्हा मी नकळत चपला काढायला वाकलो होतो. पायात बूट आहेत हे नंतर लक्षात आले.

माझी राहण्याची सोय बंदराच्या तोंडाशी असलेल्या जुन्या कोळीवाड्यात झाली. बुटकी बुटकी घरे, मध्ये चौक, आणि सगळ्या घरांची पाठ समुद्राकडे. मला नवल वाटले. समुद्रावर पोट आणि त्याच्याकडेच पाठ? पण पहिला वारा सुटला तेव्हा त्या बांधणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

घरमालकीण म्हणजे एका मच्छीमाराची विधवा. मी त्यांना मॅडम म्हणू लागलो तर त्यांनी मला थांबवले. मॅडम म्हणजे टोपी घालून चहा पिणारी, असे त्यांचे मत. त्यांची बोली मला आरंभी अजिबात कळेना. शाळेत शिकलेले इंग्रजी मी तिथल्या शिक्षकांशी बोलायचो, ते नीट चालायचे. बाईंचे मात्र वेगळेच. मग ध्यानात आले की हेही आमच्यासारखेच: कचेरीत एक भाषा, घरात दुसरी. त्या बोलत, ते माझ्या कानाला मालवणीसारखेच लागे. म्हणून त्यांचे, आणि तिथल्या मासळीवाल्यांचेही, बोलणे इथे मालवणीतच देतो. प्रमाण मराठीत दिले तर त्या मला ओळखूच येणार नाहीत.

पहिल्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून, सूट घालून, नारळ घेऊन समुद्रावर गेलो. वाळूची पुळण लांबलचक, तारकर्लीसारखीच, फक्त माडांच्या जागी एकही झाड नाही. पाण्याजवळ उभा राहिलो आणि अडचण लक्षात आली. गाऱ्हाणे एकट्याने घालायचे नसते. एकाने देवाला साकडे सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोरा नसेल तर ते गाऱ्हाणे कसले, नुसते पुटपुटणे. इलाज नव्हता. मीच सांगितले, मीच "व्हय म्हाराजा" म्हटले, आणि नारळ जमेल तितका दूर फेकला.

तो पाण्यात पडतो न पडतो तोच माझ्या शेजारून काहीतरी काळे सुसाट गेले. कुत्रा! लाटांत शिरला, नारळाची शेंडी दातात धरली, आणि डौलात पोहत येऊन नारळ माझ्या बुटांपुढे ठेवला. वर सगळे अंग झटकून माझा सूटही भिजवला.

मागून एक वृद्ध सद्गृहस्थ धापा टाकत आले. "उत्तम फेक!" ते म्हणाले. "त्याला चेंडूचा कंटाळा आला होता. पुन्हा फेका ना."

कुत्रा शेपटी हलवत होता. मी त्या दोघांचे आभार मानले आणि नारळ घेऊन घरी आलो.

बाई चुलीशी होत्या. "नारळ भिजलो कसो?" त्यांनी विचारले. मी पहिल्यापासून सगळे सांगितले. गोष्टीत कुत्र्याजवळ आलो तेव्हा त्या खुर्चीत बसून हसता हसता डोळे पुसू लागल्या. पण आईच्या मासे सोडण्यापाशी आलो तेव्हा त्यांचे हसणे थांबले.

"म्हणजे तुझी आवस थंय उपाशी आसा?"

"उपाशी नाही. भात, आमटी, भाजी, सगळे खाते."

"मासो नाय म्हणजे उपाशीच," बाईंनी निकाल दिला. मग उठून भिंतीवरचे भरती-ओहोटीचे पत्रक बघितले. "भरतीक सोडलंस, मेल्या! परत येतलो नाय तर काय? दर्यावरचो ना तू? कुत्रो नसतो तरी लाटेन हाडलो असतो."

खरेच होते. मी कुत्र्याला दोष देत होतो आणि भरतीकडे पाहिलेच नव्हते. पुढच्या ओहोटीला बाई स्वतः माझ्याबरोबर बंदराच्या लांब धक्क्यावर आल्या. "व्हय म्हाराजा" त्यांना वाटेत शिकवले. त्यांच्या तोंडी ते शब्द असे काही रुळले की घरी परत येताना वाटेत भेटलेल्या पोलिसालाही त्यांनी तेच ऐकवले. नारळ धक्क्याच्या टोकावरून सोडला, पाणी बाहेर ओढत होते, नारळ डुलत डुलत निघाला. आता घरी पत्र लिहायचे. पण मला वाटले, पक्की खात्री होईपर्यंत दोन दिवस थांबावे. आई थांबली आहे ती माझ्या शब्दासाठी. शब्द खरा असला पाहिजे.

बरे झाले थांबलो. आमच्या शिक्षणाचा एक भाग म्हणजे भल्या सकाळी मासळी बाजारात उभे राहायचे. लांबच लांब छप्पर, खाली लाकडी पेट्यांच्या रांगा, हॅडॉक, कॉड, हेरिंग, बर्फाची वाफ, आणि लिलाव पुकारणारा इतक्या वेगात बोलणारा की आमच्या बाजारातली सगळ्यात फटकळ विक्रेतीही त्याच्यापुढे मुकी वाटावी. त्या दिवशी मी आत शिरलो आणि गलका थांबला. सगळे माझ्याकडे बघू लागले. एका पेटीत, बर्फावर, हॅडॉकच्या मधोमध, आईचा नारळ.

बंदराच्या तोंडाशी एका छोट्या होडीच्या दोरात तो अडकला होता. नारळ कुणाचा हा प्रश्न त्या गावात कुणाला पडलाच नाही.

"बोला, बोला," लिलाव पुकारणारा नारळ उंच धरून म्हणाला. "परदेशी जात, डोक्यार केस, ताजो मासो!"

"ह्येचे कल्ले दाखय!" मागून कोणीतरी ओरडले.

"तो विकायचा नाही!" मी घाबरून म्हटले, आणि त्या सगळ्यांपुढे, पेटीवर हात ठेवून, काय ते सांगून टाकले. माझ्या त्या इंग्रजीतून त्यांना किती कळले कोण जाणे. पण आईने मासे सोडले आहेत एवढे मात्र शेवटच्या हमालापर्यंत पोचले. मासे विकून जगणाऱ्या माणसांना याहून गंभीर बातमी दुसरी नसावी. लिलाव पुकारणाऱ्याने नारळ दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. त्या दिवसापासून मी बाजारात पाऊल टाकले की कुणी ना कुणी विचारायचा, "आवस जेवली काय रे तुझी?" आणि मी मान हलवायचो.

तेवढ्यात बहिणीचे पत्र आले. पत्रे आम्ही शाळेतल्या मराठीत लिहायचो. तिने लिहिले होते: "यंदा बांगडा खूप लागला आहे. आई सर्वांना तळून वाढते आणि स्वतः वालीच्या भाजीशी जेवते. बाबा आता भिंतीकडे तोंड करून जेवतात. म्हणतात, तिच्यासमोर काटा काढणे जमत नाही. नारळाचे काय झाले ते कृपया लवकर कळवावे." त्या 'कृपया'ने मी फार अस्वस्थ झालो. बहीण मला कधी कृपया म्हणत नसे.

पत्र बाईंना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा ते भरती-ओहोटीचे पत्रक बघितले. मग म्हणाल्या, "काठावरसून होवचा नाय. भायर न्हेऊन सोडूक व्हयो. शनवारी माझ्या भावाकडे जावया."

भाऊ दक्षिणेकडच्या एका मच्छीमार खेड्यात राहत होता. त्याची स्वतःची बोट होती. शनिवारी आम्ही बसने निघालो. एका बाजूला कापणी झालेली पिवळी शेते थेट कड्यापर्यंत गेलेली, कडा संपला की एकदम समुद्र. स्टोनहेवन गाव मागे पडले आणि डनॉटरचा पडका किल्ला दिसला, समुद्रात घुसलेल्या एका प्रचंड खडकावर. मी खिडकीला नाक लावले. आमचा सिंधुदुर्ग पाण्यातून वर आल्यासारखा वाटतो. हा आकाशातून खाली टेकलेला. बाईंना मी आमच्या किल्ल्याबद्दल सांगू लागलो. तटाच्या पायात शिसे ओतले आहे म्हटल्यावर त्यांनी विचारले, "मगे अजून उभो आसा?" मी म्हटले, आहे. "आमचो बघ," त्या म्हणाल्या, जणू त्यांच्याच घराची भिंत पडली होती.

भाऊ धक्क्यावर जाळे सुकवत होता. उंच, निळी लोकरी बंडी घातलेला, चेहरा असा की हसण्याची त्याला सवय नसावी. बहिणीने सगळी हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "नाय."

"नाय म्हणजे?"

"माझ्या बोटीर ह्या असला चालाचा नाय. एक देव, एक पुस्तक. मूर्तीक नारळ देवचो तर दुसरी बोट बघा."

"मूर्ती खंय आसा हयसर? दर्याक देवचो आसा."

"ता तर त्याहून वायट."

"अरे, ह्येच्या आवशीन मासो सोडलो हा!"

"तिका सांग, सोडू नको."

"तू सांग जावन! जा तारकर्लेक!"

मी मध्ये पडून म्हटले की मी समजू शकतो, प्रत्येकाची श्रद्धा असते, आम्ही परत जातो. बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. कमरेवर हात ठेवून त्या भावाच्या समोर उभ्या राहिल्या.

"एक देव म्हणतंस काय? मगे सकाळी वाटेत पाद्री गावलो तर बोट कित्याक काढणस नाय?"

"ती गजाल येगळी."

"येगळी? बरा." आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "डुकर!"

त्या किनाऱ्यावर बोटीजवळ डुकराचे नाव काढणे म्हणजे अपशकुनाची हद्द. नाव कानावर पडले तर तत्काळ गार लोखंडाला हात लावायचा, हा एकच उतारा. भावाचा हात विजेसारखा धक्क्यावरच्या लोखंडी कडीवर गेला. पलीकडे जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्याने सुई टाकून नांगर धरला. एकाला काही सापडेना तेव्हा त्याने वाकून बुटाच्या टाचेतला खिळा दाबला. मीसुद्धा जवळच्या लोखंडी खुंट्याला हात लावला, कारण सगळे लावत होते.

"ह्या खंयच्या पुस्तकात लिवला हा?" बाईंनी भावाला विचारले.

भाऊ कडी धरूनच उभा होता. जाळे विणणारा म्हातारा हसायला लागला. भावाने त्याच्याकडे रागाने पाहिले, समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "मी इंजिन तपासूक वायंच भायर जातलंय. पावणो येवचो आसा तर येवंदे. त्येच्या हातात काय आसा ता मी बघितलंय नाय."

बोट निघाली तेव्हा बंदरातले पाणी सपाट होते. बाहेर मात्र उत्तर समुद्राने मला माझी जागा दाखवली. मी डोलकाठी घट्ट धरून बसलो. किल्ला डावीकडे लहान होत गेला. किनाऱ्याची रेघ उरली तेव्हा भावाने इंजिन मंद केले आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

मी उठलो. थंडीने दात वाजत होते, पण आवाज आपोआप वडिलांसारखा निघाला.

"बा दर्याच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या.

"तारकर्लेचो एक झिल लांबसून तुझ्या दाराक इलो आसा. त्येची वळख ठेव."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बोटीक, बोटीवरच्या माणसांका भरपूर मासळी दी. वादळ-वाऱ्यातसून सुखरूप घराक हाड."

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ, समुद्राकडे तोंड केलेल्या त्या उंच माणसाच्या तोंडून, प्रार्थनामंदिराच्या सवयीने, स्पष्ट शब्द आला, "आमेन."

तो स्वतःच दचकला. बाईंनी ओठ दाबून धरले. मी पुढचे घाईने आटोपले. नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. लाटेने तो उचलला, एकदा शेंडी वर दिसली, मग पुढच्या लाटेच्या पलीकडे गेला. भावाने बोट वळवली.

"मागे बघू नको," तो म्हणाला. "पाठी बघितला तर परत येता."

ही त्याच्या पुस्तकातली गोष्ट होती की नाही, ते बाईंनी या वेळी विचारले नाही.

संध्याकाळीच मी घरी पत्र लिहिले. कुत्रा, बाजार, डुक्कर, सगळे लिहिले, शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिले की नारळ पोचला. आणि मग वाट पाहत बसलो. बाजारात रोज तोच प्रश्न. बाईंचा भाऊ एकदा मासळी घेऊन शहरात आला तेव्हा त्यानेही, दुसरीकडे बघत, विचारले.

बहिणीचे उत्तर आले ते असे: "तुझे पत्र सोमवारी मिळाले. आम्ही सर्वांनी आईला मासे खायला धरून बसवले, पण ती म्हणाली, सोमवार आहे. मंगळवारी वारा फिरला आणि रापणीचे जाळे ओढले ते रिकामेच आले. नुसते शेवाळ आणि एक खेकडा. बाबा मालवणच्या बाजारात जाऊन हात हलवत परत आले. बुधवारी दुपारी पेडवे मिळाले. आईने तिखले केले आणि स्वतःचे पान स्वतः वाढून घेतले. दुसऱ्यांदा भात घेतला. बाबांनी पुष्कळ दिवसांनी भिंतीकडची पाठ… म्हणजे भिंतीकडचे तोंड इकडे वळवले."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात शिरलो आणि कुणी विचारायच्या आतच ओरडलो, "जेवली!"

असा आरडाओरडा झाला की पेट्यांवरचे समुद्रपक्षी उडाले. कुणी माझी पाठ थोपटली, कुणी टोपी उडवली. लिलाव पुकारणारा पेटीवरून खाली उतरला आणि शिस्तीत विचारू लागला, "काय खाल्ल्यान? मोठो मासो आसतलो."

"पेडवे," मी म्हटले.

"केवढो?"

मी करंगळीच्या शेजारचे बोट दाखवले.

त्याने ते बोट निरखून पाहिले. मग तो बाजाराकडे वळून म्हणाला, "आयकलास? इतके दिवस थांबली आणि खाल्ल्यान काय, तर आमिष!"

सगळे पोट धरून हसले. मी मात्र गंभीरपणे, तिरफळ म्हणजे काय, खोबरे कसे वाटायचे, आणि पेडवे ताजे असले तर काटासुद्धा का टाकवत नाही, हे तिथेच उभा राहून त्यांना समजावून सांगू लागलो. त्या दिवशी लिलाव जरा उशिराच सुरू झाला.